अर्थव्यवहारातल्या नीतीवरचे जुने निबंध पुन्हा प्रकाशित करताना

१८६० सालच्या ऑगस्टपासून लंडनच्या 'कॉर्नहिल मॅगझिन' या मासिकात इंग्रज लेखक जॉन रस्किनचे चार निबंध महिन्याला एक याप्रमाणे छापून आले. मजुराचं वेतन कशावरून ठरावं, व्यापाऱ्याचं कर्तव्य काय, मुळात संपत्ती म्हणायचं कशाला, असे त्यांचे विषय होते. वाचक एवढे खवळले की संपादक थॅकरेने चौथ्या निबंधावर मालिका थांबवली. १८६२ साली रस्किनने तेच चार निबंध 'अन्टू धिस लास्ट' या नावाने पुस्तकरूपात काढले. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना रेल्वेत गांधीजींनी ते पुस्तक वाचलं, आणि १९०८ साली आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकात त्याचा सारांश 'सर्वोदय' या नावाने गुजरातीतून क्रमशः दिला.

मासिकात गळा दाबलेलं लेखन पुढे जगलं ते कुणीतरी पुन्हा छापलं म्हणून. असं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. छापील पुस्तक असो, छोटी पुस्तिका असो की ई-बुक, टप्पे साधारण हेच राहतात.

माझा आग्रह सुरुवातीलाच सांगतो. दुसऱ्याच्या श्रमाचं मोल, मापातला खरेपणा, दिलेला शब्द यांबद्दल हे निबंध बोलतात. ते छापताना कुणाचा अनुवाद न विचारता उचलला, अडचणीचा परिच्छेद गुपचूप गाळला, मुद्रितं तपासणाऱ्याला रात्रंदिवस राबवून नुसते आभार मानले, तर आपलंच पुस्तक आपल्या विरुद्ध साक्ष देतं. म्हणून खाली जे तांत्रिक वाटेल, तेही मी नीतीचा भाग समजूनच लिहिलं आहे.

पहिला टप्पा: एकच निबंध घ्या

नवीन माणूस बहुधा वीस नावांची यादी घेऊन बसतो आणि सहा महिन्यांनी यादीपाशीच असतो. एक निबंध घ्या. वीस ते चाळीस पानांचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा, मागचंपुढचं वाचल्याशिवाय कळणारा. तो पूर्ण करताना हक्क, पाठ (म्हणजे कोणत्या आवृत्तीतला मजकूर), अनुवाद, जुळणी, सगळ्या पायऱ्या एकदा पायाखालून जातात. संग्रहाचा विचार त्यानंतर.

प्रसिद्धी हा निवडीचा निकष धरू नका. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचा 'अदृश्य हात', म्हणजे जो तो आपलं हित पाहताना नकळत समाजाचंही हित साधतो ही कल्पना, सर्वांनी ऐकलेला असतो, पण 'द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' आणि 'वेल्थ ऑफ नेशन्स' या त्याच्या दोन मोठ्या ग्रंथांत मिळून हा शब्दप्रयोग दोनदाच येतो. त्याच स्मिथने श्रीमंतांचं कौतुक आणि गरिबांकडे दुर्लक्ष करण्याच्या सवयीने आपली नैतिक जाण कशी बिघडते, यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. ते सुटं छापलं तरी उत्तम निबंध होतो, आणि ते वाचलेली माणसं फार कमी भेटतात. असा मजकूर शोधा.

संग्रहच करायचा झाला तर त्यातले लेखक एकमेकांशी भांडू द्या. मँडेव्हिलने १७१४ साली 'फेबल ऑफ द बीज'मध्ये मांडलं की व्यक्तीचे दुर्गुण, म्हणजे हौस, मिरवणं, लोभ, हेच समाजाची भरभराट चालवतात. १७२३ च्या वाढीव आवृत्तीवर इंग्लंडमधल्या मिडलसेक्सच्या ग्रँड ज्यूरीने, म्हणजे आरोप ठेवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सार्वजनिक उपद्रव म्हणून ठपका ठेवला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ साली चैनीच्या प्रश्नावर लिहिताना मधली वाट काढली. हे दोघे शेजारी छापले की वाचकाला स्वतः विचार करावा लागतो. अमेरिकी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा १८८९ सालचा 'वेल्थ' हा निबंध असाच रस्किनच्या शेजारी ठेवून पाहा: एकाच्या मते धनिकाने आपलं धन विश्वस्तासारखं लोककार्यात लावावं, तर दुसरा ते धन साठतानाच कुणाचा घास गेला हे विचारतो. एकाच बाजूचे निबंध गोळा केले तर हातात प्रचारपत्रक येतं.

दुसरा टप्पा: हक्क तपासा, थरांनी तपासा

'जुनं आहे म्हणजे मुक्त आहे' या समजुतीवर कामं अडकतात. लेखनावरच्या हक्काची, म्हणजे कॉपीराइटची, मुदत देशागणिक वेगळी असते. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात ७०. अमेरिकेत जुन्या प्रकाशित लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून ९५ वर्षं धरतात, लेखक कधी वारला याला तिथे महत्त्व नसतं.

एक उदाहरण घेऊन हिशेब करून बघा. अर्थशास्त्रज्ञ केन्सने 'इकॉनॉमिक पॉसिबिलिटीज फॉर अवर ग्रँडचिल्ड्रन' हा निबंध १९३० साली प्रसिद्ध केला. पैशाचा लोभ एक दिवस आजार म्हणून ओळखला जाईल, अशी आशा त्यात आहे. केन्स १९४६ साली वारला. भारतातली मुदत २००६ अखेर संपली, ब्रिटनमधली २०१६ अखेर, अमेरिकेतली २०२५ अखेर. एकच निबंध, तीन तारखा. छापील पुस्तक एकाच देशात विकणार असाल तर तिथलाच हिशेब पुरतो. ई-बुक जगभर ठेवणार असाल तर सगळ्यात उशिराची तारीख धरा. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची मुदत भारतात प्रसिद्धीपासून मोजली जाते, म्हणून पत्रं, टिपणं आणि नंतर सापडलेली व्याख्यानं यांच्यासाठी वेगळं पान राखा.

आता थर. तुमच्या हातातल्या प्रतीत मूळ लेखकाखेरीज इतरांचं कामही असतं: अनुवादकाचं, प्रस्तावनाकाराचं, टीपा लिहिणाऱ्याचं, कधी मुखपृष्ठावरच्या छायाचित्रकाराचं. प्रत्येकाची मुदत स्वतंत्र. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९२० साली वारला, त्याचं जर्मन लेखन कधीच मुक्त झालं. पण भांडवलशाहीच्या वृत्तीवरच्या त्याच्या प्रसिद्ध निबंधाचा इंग्रजी अनुवाद टॉल्कट पार्सन्सने १९३० साली केला, आणि पार्सन्स १९७९ पर्यंत हयात होता. जिथे मुदत मृत्यूपासून मोजतात तिथे वेबर मोकळा असून पार्सन्सचे शब्द मोकळे नसतात. स्मिथच्या नीतिविषयक ग्रंथाची १९७६ सालची ग्लासगो आवृत्ती अभ्यासाला अतिशय चांगली आहे. तिच्यातला स्मिथ सर्वांचा आहे, तळटीपा संपादकांच्या.

एका कागदावर तक्ता आखा. थर, कुणी केलं, कधी वारले, कधी प्रसिद्ध झालं, मुदत कधी संपली. एखादा रकाना भरता येत नसेल तर तो थर वापरू नका, किंवा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला पत्र लिहा. पत्रात निबंधाचं नाव, कोणती पानं, किती प्रती, कुठल्या भाषेत, विक्री की मोफत आणि उत्तर कधीपर्यंत हवं एवढं असलं की पुरे. उत्तर आलं नाही तर मौनाला होकार समजू नका. 'आम्ही नफा घेत नाही' हेही परवानगीच्या जागी चालत नाही. नफा न घेण्याचा निर्णय तुमचा, शब्द दुसऱ्याचे.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मुक्त पुस्तकं देणाऱ्या संकेतस्थळावरून मजकूर घेताना एवढं ध्यानात ठेवा की तिथली तपासणी अमेरिकी कायद्याप्रमाणे झालेली असते.

तिसरा टप्पा: कोणती आवृत्ती?

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वात दुर्लक्षित टप्पा. सापडली ती फाइल उचलली आणि छापली, असं सर्रास होतं.

वर सांगितलेलं स्मिथचं प्रकरण घ्या. 'द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' पहिल्यांदा १७५९ साली आला. स्मिथ त्यावर आयुष्यभर हात फिरवत राहिला आणि १७९० साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, सहावी आवृत्ती निघाली. श्रीमंतीच्या कौतुकाने नीती बिघडते हे प्रकरण त्या सहाव्या आवृत्तीत नव्याने आलं. पहिल्या आवृत्तीचा स्कॅन घेतलात तर जे छापायला निघालात तेच त्यात सापडणार नाही! आणि हेही कळणार नाही की 'वेल्थ ऑफ नेशन्स' लिहून चौदा वर्षं झाल्यावर, शेवटच्या काळात, या माणसाला हे सांगावंसं वाटलं.

ह्यूमचा चैनीवरचा निबंध १७५२ मध्ये 'ऑफ लक्झरी' होता. १७६० पासून त्याचं नाव 'ऑफ रिफाइनमेंट इन द आर्ट्स' झालं. दोन नावांमुळे ते दोन निबंध समजून संग्रहात दोन्ही घालायचा मोह होतो. कार्नेगीचा 'वेल्थ' लोकांना 'गॉस्पेल ऑफ वेल्थ' म्हणूनच माहीत आहे. वेबरचा निबंध १९०४-०५ मध्ये नियतकालिकात आला आणि १९२० साली त्याने तो सुधारला.

साधा नियम असा: लेखकाने हयातीत शेवटची सुधारलेली आवृत्ती मूळ धरा. पण एखादा निबंध गाजला तो पहिल्या रूपात असेल आणि तेच तुम्हाला दाखवायचं असेल, तर पहिली घ्या. दोन्हींची मिसळ मात्र करू नका. 'कॉर्नहिल'मधलं एक वाक्य आणि पुस्तकातलं दुसरं असा पाठ लेखकाने कधीच लिहिलेला नसतो. रस्किनसाठी कुक आणि वेडरबर्न यांनी १९०३ ते १९१२ दरम्यान काढलेल्या ३९ खंडांचा आधार आहे. त्यातल्या सतराव्या खंडात हे चार निबंध पाठभेदांसह मिळतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी प्रतींबद्दल सावध राहा. १८९१ च्या कायद्यापर्यंत परदेशी लेखकांना तिथे संरक्षण नव्हतं, त्यामुळे ब्रिटिश पुस्तकं लेखकाला न विचारता छापली जात. रस्किनचीही छापली गेली. न्याय्य मोबदल्यावरचे निबंध, आणि लेखकाला मोबदला नाही. अशा प्रतीत लेखकाच्या नंतरच्या दुरुस्त्या असतीलच याची खात्री देता येत नाही.

निवडलेल्या आवृत्तीचं वर्ष आणि प्रकाशनस्थळ शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला छापा. एका ओळीचं काम आहे आणि गंभीर वाचक आधी तेच बघतो.

चौथा टप्पा: मजकूर उतरवणं आणि मुद्रितशोधन

स्कॅन इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथसंग्रहांवर बहुधा मिळतो. आधी पानांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः मोजा. मी पहिल्या कामात हे केलं नाही. दोन पानं स्कॅन करताना एकत्र उलटली गेली होती, वाक्य योगायोगाने जुळत होतं, आणि लेखकाच्या युक्तिवादातली एक पायरीच गेली. जुळणी झाल्यावर ते लक्षात आलं आणि पुढची सगळी पानं पुन्हा लावावी लागली.

ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने, मजकूर काढल्यावर ठरावीक जागी ठरावीक चुका सापडतात. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा 'एस' लांब काढत, आणि तो जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो. यंत्र त्यामुळे 'सेल्फ'चं 'फेल्फ' करतं. 'सेल' (sail, म्हणजे शीड) याचं 'फेल' (fail) झालं तर दोन्ही खरे शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणारं साधनही गप्प बसतं. शिडाचं अपयश झालेलं डोळ्यांनीच पकडावं लागतं. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, पानाच्या माथ्यावरची धावती शीर्षकं मजकुरात घुसणं, तळटीप परिच्छेदाच्या पोटात शिरणं, या बाकीच्या नेहमीच्या चुका.

शोधनाची जुनी पद्धत अजून सर्वात भरवशाची आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची. पाऊण तासाने अदलाबदल, कारण त्यानंतर डोळा अपेक्षित तेच वाचायला लागतो. एकटेच असाल तर शेवटच्या परिच्छेदापासून उलट्या क्रमाने तपासा. अर्थाचा ओघ तुटला की अक्षरं दिसू लागतात.

मराठी मजकूर लावताना फाइलची भाषा मराठी अशी नोंदवा. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं त्यावरच अवलंबून असतात. 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्याचा' यांतला ऱ्य नीट उमटतो का हे ई-बुकमध्ये निदान दोन उपकरणांवर पाहा.

मूळ निबंधच जुन्या मराठीतला असेल, 'तें', 'नाहीं' अशा अनुस्वारांचा, तर १९६२ च्या लेखननियमांनुसार बदलायचं की जसंच्या तसं ठेवायचं हे पहिल्या पानाआधी ठरवा आणि संपादकीय नोंदीत लिहा. सर्वसाधारण वाचकासाठी मी लेखन बदलीन, शब्द बदलणार नाही.

पाचवा टप्पा: अनुवाद

इथे घाई केलीत तर बाकी सगळं नीट होऊनही निबंध मरतो.

सुरुवात परिभाषेच्या वहीने करा. निबंध दोनदा वाचून त्यातले भार वाहणारे पंधरा-वीस शब्द काढा, प्रत्येकासाठी मराठी शब्द ठरवा, आणि का ठरवला ते शेजारी लिहा. स्मिथपासूनच बघू. खाटीक, बिअर गाळणारा आणि पाववाला यांच्याकडून आपल्याला जेवण मिळतं ते त्यांच्या दयेमुळे नाही, हा त्याचा उतारा फार वापरला जातो. तिथे त्याने वापरलेला शब्द 'सेल्फ-लव्ह' आहे. मराठीत सरळ 'स्वार्थ' लिहिलं की स्मिथ स्वार्थाची भलामण करणारा ठरतो, कारण आपल्याकडे 'स्वार्थी' ही शिवीच आहे. नीतीवरच्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात मात्र तो 'सेल्फिश' म्हणतो, आणि तिथे 'स्वार्थी' अगदी बरोबर बसतं. दोन ठिकाणी दोन शब्द हवेत. मी पहिल्यासाठी 'स्वहित' वापरतो. 'प्रूडन्स'ला 'विवेक' म्हणण्यात धोका आहे, विवेक आपल्याकडे फार उंचावर नेऊन ठेवलेला शब्द. 'जपून वागणं' किंवा 'व्यवहारी शहाणपण' स्मिथच्या जवळचं आहे.

कधी मराठी मूळपेक्षा सरस ठरते, ते सुख सोडू नका. रस्किनने चौथ्या निबंधात 'वेल्थ'च्या उलट 'इल्थ' असा शब्द घडवला: जी मालमत्ता असूनही माणसाचं आणि भोवतालचं वाटोळं करते ती. इंग्रजीत तो घडवावा लागला. आपल्याकडे 'अर्थ' आणि 'अनर्थ' आधीपासून शेजारी उभे आहेत. 'अनर्थ' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे एक टीप द्या, वाचक क्षणात समजेल.

आता फसवे शब्द. जुन्या ब्रिटिश लेखनात 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, धान्य, मुख्यतः गहू. १८४६ साली रद्द झालेले 'कॉर्न लॉज' हे धान्याचे कायदे होते. स्मिथचा 'मॅन्युफॅक्चरर' बऱ्याचदा कारखानदार नसून हाताने वस्तू घडवणारा कामगार असतो. हा शब्द चुकला की वाक्यातला शोषित आणि शोषक जागा बदलतात. 'स्टॉक' म्हणजे शेअर नव्हेत, भांडवल. 'युझरी' हा तर काळाप्रमाणे रंग बदलणारा शब्द: मध्ययुगीन लेखनात कर्जावर घेतलेलं कुठलंही व्याज, नंतरच्या लेखनात कायद्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेरचं. इंग्रज विचारवंत बेंथमने १७८७ साली युझरीच्या बचावासाठी लिहिलं ते दुसऱ्या अर्थाने. निबंध कुठल्या शतकातला ते पाहून 'व्याजखोरी' की नुसतं 'व्याज' हे ठरवा.

शक्य तोवर मूळ भाषेवरून अनुवाद करा. वेबरच्या निबंधाच्या शेवटी येणारा 'लोखंडी पिंजरा' जगप्रसिद्ध आहे, पण ती प्रतिमा पार्सन्सची आहे. जर्मन शब्द पोलादासारख्या कठीण कवचाकडे, आवरणाकडे झुकतो. पिंजऱ्यातून दार उघडून बाहेर पडता येतं, कवच अंगाला चिकटलेलं असतं. तसाच 'बेरूफ' हा त्याचा कळीचा शब्द, ज्यात पेशा आणि ईश्वराने नेमून दिलेलं काम हे दोन्ही अर्थ आहेत. 'व्यवसाय' म्हटलं तर दुसरा अर्ध गळतो. 'स्वधर्म' म्हटलं तर वर्णव्यवस्थेचा सगळा इतिहास आत शिरतो. मी एका ठिकाणी 'व्रत' वापरून पाहिलं आणि तळाशी मूळ शब्द समजावून दिला. मूळ भाषा येत नसेल तर इंग्रजीवरून केलंय हे स्पष्ट लिहा, आणि कळीच्या शब्दांपुरती तरी ती भाषा जाणणाऱ्याची मदत घ्या.

अनुवाद न करता सारांश द्यायचा असेल तर गांधीजींनी घालून दिलेला पाठ डोळ्यांसमोर ठेवा. हा अनुवाद नाही, सार आहे, आणि शीर्षकाचंही भाषांतर केलेलं नाही, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं. 'संक्षिप्त' हा एक शब्द मुखपृष्ठावर छापायला जागा लागत नाही, पण वाचकाशी केलेला व्यवहार त्याने स्वच्छ राहतो.

सहावा टप्पा: टीपा आणि प्रस्तावना

टीप कशाला द्यायची? जिथे वाचक अडतो तिथे. 'अन्टू धिस लास्ट' हे नाव बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातून आलं आहे. दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही मालक सकाळपासून राबलेल्याइतकंच वेतन देतो. हे सांगितलं नाही तर शीर्षक मुकं राहतं. जुन्या ब्रिटिश रकमांसाठी एक पौंड म्हणजे वीस शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स हे एकदा दिलं की पुरतं. आजच्या पैशात रूपांतर देऊ नका, ते आकडे दोन वर्षांत शिळे होतात. त्यापेक्षा त्याच निबंधात एखाद्याची मजुरी दिली असेल तर तिच्याशी तुलना करून दाखवा.

प्रस्तावना तीन-चार पानांची. लेखक कोण, निबंध कशावर चिडून किंवा कळवळून लिहिला, तेव्हा काय झालं, आणि हा पाठ कुठून घेतला. लेखकाला आजच्या कुठल्या पक्षाचा पुरस्कर्ता करू नका. कार्नेगीबद्दल लिहिताना मात्र १८९२ चा होमस्टेडचा संप टाळता येत नाही: 'वेल्थ' लिहिल्यानंतर तीन वर्षांनी त्याच्याच कारखान्यात कामगार संघटना मोडून काढली गेली, त्यात माणसं मेली. ते सांगा, निकाल वाचकावर सोडा.

सातवा टप्पा: खटकणारा भाग आला तर

येणारच. व्याजावरच्या जुन्या लेखनात ज्यूंबद्दलचा द्वेष ठिकठिकाणी भेटतो. ब्रिटिश लेखक कार्लाइलने डिसेंबर १८४९ मध्ये 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये छापलेल्या लेखात अर्थशास्त्राला 'उदास शास्त्र' म्हटलं, हे वचन आजही सहज उद्धृत होतं. तो लेख वेस्ट इंडीजमधल्या कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला जुंपावं असं सांगणारा आहे. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८५० मध्ये, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने त्याच मासिकात त्याला उत्तर दिलं.

गाळणं हा सोपा उपाय आहे आणि मला तो अमान्य आहे. गाळल्याने लेखक होता त्यापेक्षा चांगला दिसतो, आणि ज्यांच्याविरुद्ध तो लिहीत होता त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. कार्लाइल छापायचा तर मिलसकट छापा. उत्तर देणारा समकालीन लेख सापडत नसेल तर त्या परिच्छेदाला टीप द्या, आणि टीपेत स्पष्ट शब्द वापरा. काही वेळा मात्र असा निबंध न निवडणं हाच योग्य निर्णय असतो. द्वेष हीच ज्याची मुख्य मांडणी आहे त्याला पुन्हा कागद आणि शाई द्यायचं कारण मला सापडत नाही.

आठवा टप्पा: पैसा, श्रेय, किंमत

काम सुरू होण्याआधी अनुवादक, मुद्रितशोधक, जुळणी करणारा, मुखपृष्ठ करणारा यांच्याशी लेखी ठरवा. किती, कधी, पुस्तक विकलं नाही तर काय, दुसरी आवृत्ती निघाली तर काय. चार ओळींचा कागद पुरतो. सगळे स्वेच्छेने करणार असतील तरी लिहा, कारण कशाबद्दल मोबदला घेत नाही आहोत हे त्यांना माहीत असलं पाहिजे. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर घाला. मुद्रितशोधकाचं नाव आत घाला, आणि छापण्याआधी ते त्यांनाच वाचायला द्या.

किमतीच्या बाबतीत रस्किनचा एक प्रयोग माहीत असावा. १८७१ पासून कामगारांना उद्देशून लिहिलेली 'फोर्स क्लाव्हिजेरा' ही पत्रमाला त्याने जॉर्ज अ‍ॅलनमार्फत स्वतःच प्रकाशित केली. एकच किंमत, ती छापलेली, आणि पुस्तकविक्रेत्यालाही सूट नाही. सूट आणि घासाघीस म्हणजे कुणाला तरी फसवणं, असं त्याचं मत. विक्रेते नाराज झाले, पुढे त्याला ठरावीक सूट मान्य करावी लागली, पण छापील किमतीलाच विकण्याचा आग्रह राहिला. १९०० पासून ब्रिटनमध्ये पुस्तकांच्या ठरलेल्या किमतीचा जो करार आला, त्याच्या आधीच्या वाटचालीत या प्रयोगाचा वाटा होता. आपण त्याचं अनुकरण करायलाच हवं असं नाही. पण किंमत कशी ठरली, कागद किती, छपाई किती, अनुवादकाला किती, हे मागच्या पानावर छापायला काय हरकत आहे? मी ते केलं आहे. वाचकांनी सर्वात जास्त प्रश्न त्या पानाबद्दल विचारले.

मूळ लेखन मुक्त असेल तर त्यावर 'सर्व हक्क राखीव' असा शिक्का मारू नका. हक्क तुमच्या अनुवादावर आणि टीपांवर आहे, तेवढंच लिहा. अनुवादही खुला ठेवायचा असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे इतरांना वापराची मुभा देणाऱ्या, तयार परवान्यांतला एक निवडा आणि त्याचं पूर्ण नाव द्या. अनुवादक दुसरा कुणी असेल तर हा निर्णय त्याचा.

नववा टप्पा: बाहेर पडल्यावर

चुका सापडतील. संपर्काचा पत्ता पुस्तकात द्या, आलेली प्रत्येक दुरुस्ती तारीख आणि पानासह एका वहीत नोंदवा. ई-बुक बदलाल तेव्हा आत आवृत्तीचा क्रमांकही बदला, नाहीतर एकाच पुस्तकाचे दोन पाठ वाचकांत फिरतात आणि कुणाचं खरं हे कुणालाच सांगता येत नाही. छापील प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घाला. अर्थ बदलणारी चूक असेल तर ज्यांनी थेट तुमच्याकडून प्रत घेतली त्यांना कळवा.

पहिल्या प्रती हातात आल्या की एक अनुवादकाला, एक मुद्रितं वाचणाऱ्याला, एक ज्याने परवानगी दिली त्याला आणि एक ज्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून काम केलं त्या ग्रंथालयाला पाठवा. परिभाषेची वही आणि हक्कांचा तक्ता जपून ठेवा. दुसऱ्या निबंधाच्या वेळी अर्धं काम त्यात झालेलं सापडेल.